शाळा समिती: गुप्त मतदान की बिनविरोध?

खडूफळा:
जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मुदत दोन वर्षांची. ती संपली की पालकसभेतून नवे पालक सदस्य निवडायचे, असा नियम. घडतं असं की नावं आदल्या रात्री कुणाच्या तरी ओट्यावर ठरतात आणि सभेत नुसत्या टाळ्या पडतात. माझं म्हणणं, सरळ उमेदवार उभे राहू द्या आणि चिठ्ठीने मतदान घ्या. खर्च काहीच नाही. फळ्यावर इयत्तावार नावं आणि पुढे क्रमांक, शाळेचा शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या, पत्र्याचा डबा. लिहिता न येणाऱ्यांसाठी नावापुढे आंबा, छत्री, सायकल काढा. मोजणी फळ्यावरच, सगळ्यांदेखत. समसमान झालं तर पहिलीतल्या पोराकडून चिठ्ठी उचलायची.

गावकुस:
आणि दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचे दोन पॅनेल शाळेत! हरलेल्या गटाचे पालक मग श्रमदानाला येत नाहीत, लोकवर्गणी देत नाहीत. शिवाय पटसंख्या बघा की. वीस-पंचवीस पोरांच्या शाळेत भावंडं धरून पालक पंधरा-सोळाच. त्यातून बारा जणांच्या समितीला नऊ पालक हवेत. निवडणूक कुणाची घेणार? हातापाया पडून माणसं बसवावी लागतात. तिथे बिनविरोध हाच शहाणपणा.

हजेरीपट:
लहान शाळेचं पटलं. पण शंभरावर पट असेल तिथे बिनविरोधच्या नावाखाली काय होतं ते सांगतो. बारांपैकी उरलेले तिघे म्हणजे लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. निम्म्या सदस्य महिला हव्यात, म्हणजे सहा. हे तिघेही पुरुष निघाले तर नऊ पालकांपैकी सहा जागा आयांच्या झाल्या. हा हिशेब सभेआधी कुणी मांडत नाही. मग शेवटी घाईघाईने चार बायकांची नावं घुसडतात आणि पुढे दोन वर्षं त्यांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात, त्याची तर आठवणही निघत नाही.

दुसरी गोची, शाळा चौथीपर्यंतच असेल तर, चौथीची. मूल शाळेतून गेलं की पालकाचं सदस्यत्व जातं. चौथीच्या पालकाला अध्यक्ष केलंत तर वर्षभरात खुर्ची रिकामी. अध्यक्ष पहिली-दुसरीच्या पालकांतून घ्या.

गावकुस:
हे सगळं मतदानाशिवायही पाळता येतं, राव. मुख्याध्यापकांनी यादी नीट केली म्हणजे झालं.

खडूफळा:
मुख्याध्यापक समितीचे सचिव. त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवायचं त्यांनाच निवडू द्यायचं?

चूलबंद:
दोघेही निवडीवरच अडलात. समिती निवडून आल्यावर करते काय? पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 5 ग्रॅम तेल. पटावर 60 आणि हजर 41 असतील तर 4 किलो 100 ग्रॅम तांदूळ शिजायला हवा. नोंद 6 किलोची असेल तर रोज 1 किलो 900 ग्रॅमचा फरक, 22 दिवसांत जवळपास 42 किलो. हे पकडायला हजेरीपत्रक, साठा रजिस्टर आणि गोदामातली पोती एकाच दिवशी समोरासमोर ठेवावी लागतात. ते करणारा पालक मतदानाने आला काय न् टाळ्यांनी आला काय.

हजेरीपट:
फरक पडतो, ताई. नेमून आणलेला अध्यक्ष रजिस्टर मागतच नाही, कारण ज्याने नेमलं त्याला दुखवायचं नसतं. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 25 हजारांचं अनुदान ठरलेलं. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. पैसा बहुतेकदा वर्ष संपता संपता येतो, मग मार्चअखेर कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या जातात. नाही म्हणायला पाठीशी पालकांची मतं लागतात.

उसाचा फड:
मराठवाड्यातली एक अडचण कुणी बोललंच नाही. ऊसतोडीला माणसं दिवाळीच्या आगेमागे जातात, परततात ते उन्हाळ्यात. डिसेंबरात सभा लावली की मजूर पालक आपोआप बाद. मतदान असो वा एकमत, सभा जुलै-ऑगस्टात, संध्याकाळी सातनंतर घ्या. नोटीस आठवडाभर आधी वस्तीवर आणि तांड्यावर जाऊ द्या, शाळेच्या भिंतीवर चिकटवून भागत नाही.

गावकुस:
हे मान्य. मतदानाचं अजून नाही. दोन लेकरं शाळेत असली तर एक मत की दोन? आई-बाप दोघं आले तर? यावरूनच सभा मोडतात.

खडूफळा:
एका घराला एक मत. चिठ्ठ्या वाटायच्या आधी तसा ठराव सभेत वाचायचा, इतिवृत्तात लिहायचा आणि हजर पालकांच्या सह्या घ्यायच्या. निकालानंतर ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलंच.

गावकुस:
आणि आजीकडे राहणारं पोर? आई-बाप पुण्याला कामाला?

खडूफळा:
शाळेच्या कागदांवर पालक म्हणून आजीचं नाव असेल तर मत आजीचं. नसेल तर जूनमध्येच ते घालून घ्या.