एक हंगाम बुडाला; येत्या हिवाळ्यात घोडे स्पर्धेला न्यावेत का?

धागाकर्ती (अश्वशाळेची व्यवस्थापक, काटोल रस्ता)
आमच्या तबेल्यात अकरा घोडे आहेत. आपल्याकडे स्पर्धांचा मोसम हिवाळ्याचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, २०२०-२१ चा हंगाम पूर्ण बुडाला आणि मार्च २०२१ मध्ये नागपूर शहर पुन्हा बंद झाले. आता ऑक्टोबर २०२१ मध्ये निर्बंध सैल होत असताना, डिसेंबरात घोडे स्पर्धेसाठी बाहेरगावी न्यावेत असा आमच्याकडे घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचा आग्रह आहे. माझे मत असे की, या हिवाळ्यात एकही घोडा नेऊ नये.

टाळेबंदीत सहापैकी दोनच मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) तबेल्यात राहू शकले. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जात असल्यामुळे उजाडण्यापूर्वी प्रत्येक घोड्याला हातात धरून जेमतेम अर्धा तास चालवता येई. रपेट आणि उड्या बंदच होत्या. काम थांबल्यावर दाणाही तोडावा लागतो, कारण खुराक तोच ठेवून घोडा एकदम कामाला लावला तर त्याचे स्नायू आखडतात, लघवी गडद होते आणि कधी कधी तो जागचा हलूही शकत नाही. पुन्हा काम सुरू केल्यावर दम काही आठवड्यांत परततो, त्यामुळे घोडा तयार दिसतो. पायाच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडे मात्र त्या वेगाने बळकट होत नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात. फसगत होते ती इथेच.

प्रतिसाद (पालक, धरमपेठ)
ताई, घोड्यांची काळजी आपण ज्या निष्ठेने घेतली, ती आम्ही पाहिली आहे आणि म्हणूनच बंद काळातही आम्ही शुल्क थांबवले नाही. तरीही आपला निर्णय मला मान्य नाही. माझी मुलगी बारा वर्षांची असताना स्पर्धा थांबल्या, आता ती चौदाची होत आहे. वयोगट टाळेबंदीसाठी थांबत नाही. या वर्षीही ती उतरली नाही, तर पुढच्या वेळी तिची गाठ थेट मोठ्या मुलांशी पडेल. टोकियो ऑलिंपिक वर्षभर लांबले, पण भारताचे घोडेस्वार फवाद मिर्झा २०२१ मध्ये उतरले आणि तेविसावे आले. २००० नंतर भारताचा स्वार ऑलिंपिकमध्ये दिसला तो तेव्हाच.

प्रतिसाद (निवृत्त पशुवैद्य, सेमिनरी हिल्स)
मिर्झा यांचे उदाहरण उलट बाजूने पाहावे. ज्या घोड्यावर त्यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, त्याच घोड्यावर ते टोकियोत उतरले. त्या पातळीवरच्या घोड्यामागे रोजच्या शास्त्रशुद्ध कामाची व्यवस्था असते. आपल्याकडे दोन मोतद्दार होते.

दुसरा मुद्दा प्रवासाचा. ट्रकमध्ये घोड्याचे डोके तासन्‌तास वर बांधलेले राहिले की, मान खाली घालून श्वसनमार्ग साफ करणे त्याला जमत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. प्रवासात पाणी कमी पिल्याने पोटशूळही होतो, आणि घोड्याला ओकता येत नसल्याने तो जिवावर बेतू शकतो. शिवाय फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या स्पर्धेतून घोड्यांच्या हर्पिस विषाणूची साथ पसरली, अनेक घोडे दगावले आणि युरोपातील बऱ्याच देशांत स्पर्धा काही आठवडे थांबवाव्या लागल्या. माणसांची साथ ओसरली म्हणजे घोड्यांचे एकत्र येणे निर्धोक झाले, असे होत नाही.

प्रतिसाद (निवृत्त रिसालदार, कामठी)
डॉक्टरसाहेबांचे शास्त्र बरोबर आहे, पण ‘एकही घोडा नाही’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दीड-दोन वर्षे एकाच कुंपणात राहिलेला घोडा अनोळखी मैदान, झेंडे आणि ध्वनिक्षेपक पाहून बिथरतो आणि त्या भीतीवर विश्रांती हा उपाय नव्हे. नागपुरातच, तासाभराच्या अंतरावर, कमी उंचीच्या अडथळ्यांची छोटी स्पर्धा घ्यावी. घोडा मुक्कामी न राहता संध्याकाळी आपल्याच ठाणावर परततो. ड्रेसाजच्या, म्हणजे स्वाराच्या इशाऱ्यावर घोड्याच्या ठरावीक चाली दाखवण्याच्या चाचणीत तर उडी नसतेच. मुलांची बैठक आणि हात तिथे पारखून निघतील.

धागाकर्ती
रिसालदारसाहेब, आपले म्हणणे मला पटते आणि ‘एकही नाही’ हे माझे शब्द मी मागे घेते. ऑगस्टपासून नियमित दुडकीच्या कामात असलेले चार घोडे जानेवारीत स्थानिक ड्रेसाजसाठी नेण्यास माझी हरकत नाही. मात्र दिल्ली किंवा बंगळूरचा प्रवास आणि उड्यांच्या मोठ्या स्पर्धा यांना नकार कायम आहे. धरमपेठच्या ताईंच्या मुलीचे वर्ष जाते, हे मला मनापासून बोचते. परंतु ज्या घोडीवर ती बसते, तिच्या पुढच्या डाव्या पायाला काम वाढवले की अजून सूज येते, आणि त्या पायावर उडी मारायला मी दोघींनाही पाठवणार नाही.