दाबोळी ते मोपा: हवेतून किती, रस्त्याने किती? (अनुभव धागा)

गोव्यात दाबोळीच्या जुन्या विमानतळाच्या जोडीला मोपाहून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणं सुरू झाली. तेव्हापासून एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघणारे बरेच असतात. या वाटेने नेहमी जाणाऱ्यांनी अंतर, वेळ आणि अडचणीच्या जागा लिहाव्यात. किस्से नकोत, उपयोगी माहिती हवी.

अक्षांश
सरळ रेषेत साधारण 40 किमी. हिशोब घरी करता येतो. दाबोळी 15.38 उत्तर, 73.83 पूर्व, मोपा 15.74 उत्तर, 73.86 पूर्व. अक्षांशांतला फरक 0.36 गुणिले 111, म्हणजे 40 किमी. रेखांशांतला 0.03 गुणिले 107, म्हणजे जेमतेम 3. (रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर 111 किमी असतो, इथे 107.) दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, उत्तर 40 च्या आसपासच येतं. मोपा जवळजवळ थेट उत्तरेला असल्याने पूर्व-पश्चिम फरक नगण्य. मुंबई-दिल्लीसारख्या लांब पल्ल्याला मात्र पृथ्वीचा गोलावा धरणारं हावर्साइन सूत्रच वापरा.

कुठ्ठाळीकर
रस्त्याने 60 ते 65 किमी धरा. वाढीव अंतर नद्यांमुळे: जुवारी, मांडवी आणि कोलवाळला शापोरा. पूल जिथे आहेत तिथूनच जावं लागतं. दाबोळीहून कुठ्ठाळीला येऊन 66 क्रमांकाचा महामार्ग धरायचा. मग जुवारी पूल, आगशी, बांबोळी, पणजीजवळ अटल सेतू, पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, धारगळ आणि तिथून मोपाचा जोडरस्ता. नव्या जुवारी पुलाची दुसरी बाजू 2023 च्या अखेरीस खुली झाल्यावर तिथली जुनी कोंडी सुटली. आता खरा वेळ खाते पर्वरी. उड्डाणपुलाचं काम चालू असेपर्यंत तिथे वाहनं फार तुंबतात. रस्ता मोकळा असेल तर दीड तास, संध्याकाळी दोन-अडीच. नकाशाचं ॲप पहाटे दाखवतं ती वेळ संध्याकाळच्या प्रवासाला धरू नका.

सामानवाला
तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर बॅग आपोआप पुढे जात नाही. हिशोब असा: बॅग मिळेपर्यंत 40 मिनिटं, रस्ता दोन ते अडीच तास, देशांतर्गत चेक-इन काउंटर विमान सुटण्याआधी तासभर बंद होतो असं धरा, वर सुरक्षा तपासणीची रांग. दोन विमानांत पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवूच नये. आणि तिकिटावरचा कोड पाहाच: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. बुकिंगच्या साइटवर दोन्ही ‘गोवा’ या एकाच नावाखाली येतात, घोळ तिथेच होतो.

पेडणेकर
टॅक्सीचं भाडं आधीच ठरवा, शक्यतो विमानतळाच्या आतल्या प्रीपेड काउंटरवर. कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसगाड्या स्वस्त आहेत, पण वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा. रेल्वेने मोपा गाठायचं तर पेडणे स्टेशन जवळचं, मात्र तिथे मोजक्याच गाड्या थांबतात; थिवीला जास्त थांबतात. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांना मोपा जवळ, त्यांनी दाबोळीचं तिकीट स्वस्त दिसलं तरी टॅक्सीचा खर्च त्यात मिळवून बघावा.

अक्षांश
मुंबईहून दाबोळी सरळ रेषेत 425 किमी, मोपा 390 च्या आत-बाहेर. विमानाच्या वेळेत याने विशेष फरक पडत नाही, कारण चढण्या-उतरण्याचे ठरलेले मार्ग आणि मुंबईवरची विमानांची रांग यांतच बराच वेळ जातो. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने तिथल्या वेळांवर आणखी बंधनं येतात.