लहान मुलांची बद्धकोष्ठता : आधी आहार सुधारावा की आधी औषध द्यावे?

माळरान : मूल दोन-तीन दिवस शौचाला गेले नाही की रेचकाची बाटली उघडली जाते, पण ते मूल दिवसभर काय खाते-पिते याची चौकशी फारशी कोणी करत नाही. अंगावरचे दूध सुटून पावडरचे दूध सुरू होते किंवा वरचे अन्न सुरू होते, त्याच सुमारास अनेक बाळांना पहिल्यांदा कडक शी होऊ लागते आणि याला कारण आहे. आईच्या दुधातील पामिटिक आम्ल (एक स्निग्धाम्ल) बाळाला बहुतांशी शोषता येते. पाम ओलीन (पाम तेलाचा पातळ भाग) असलेल्या पावडरींमध्ये मात्र हे आम्ल आतड्यात सुटे होते, कॅल्शियमशी जोडले जाते आणि त्या न विरघळणाऱ्या साबणामुळे मल घट्ट होतो. पुढे वर्षानंतर गाईचे दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेले, की फळे, भाज्या, डाळी आणि अख्खी धान्ये यांच्यासाठी पोटात जागाच उरत नाही. दोन वर्षांवरील मुलांसाठी वयात 5 मिळवून येईल तितके ग्रॅम तंतू (फायबर) रोज, असा एक ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला 8 ग्रॅम. काही आठवडे एवढे नीट पाळून पाहावे आणि मगच औषधाकडे वळावे, असे माझे मत आहे.

उंबरठा : तुमच्या 'काही आठवडे' या शब्दांना माझा ठाम विरोध आहे. एकदा शी करताना दुखले की मूल ती रोखून धरते. रोखलेल्या मलातले पाणी मोठे आतडे शोषत राहते, मल आणखी कडक होतो, पुढच्या वेळी अधिक दुखते, आणि ताणलेल्या मलाशयाला हळूहळू शी आल्याची जाणीवच होईनाशी होते. त्यानंतर साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मल चड्डीत झिरपतो, तो पाहून पालकांना जुलाब झाल्यासारखे वाटते. अशा मुलाला चोथा वाढवून दिला तर अडलेल्या वाटेवर गर्दीच वाढते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनतज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नेहमीइतकेच तंतू आणि नेहमीइतकेच पाणी सुचवले आहे. दोन्ही जास्तीचे देऊन फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलला आहे आणि औषध किमान दोन महिने चालू ठेवावे, असे ते सांगतात. हे औषध फारसे शरीरात शोषले जात नाही, मलात पाणी धरून ठेवते. त्यामुळे 'सवय लागेल' ही भीती मुलाच्या दुखण्यापेक्षा मोठी मानू नये.

तिसरा कोपरा : दोघांनीही दूध एकतर पोट भरणारे म्हणून पाहिले किंवा सोडूनच दिले. 1998 मध्ये इटलीतील एका दुहेरी-अंध चाचणीत (म्हणजे कोणते दूध चालू आहे हे पालकांना आणि डॉक्टरांनाही माहीत नव्हते), रेचकांनी गुण न आलेल्या 65 मुलांना आळीपाळीने गाईचे आणि सोयाचे दूध दिले गेले, तेव्हा सोयाच्या काळात 44 मुलांची तक्रार कमी झाली आणि गाईच्या दुधावर कोणाचीच कमी झाली नाही. ही मुले तज्ज्ञांकडे पाठवलेली होती, त्यामुळे हा आकडा सरसकट सर्व मुलांना लावता येणार नाही. तरीही औषधाने न हटणाऱ्या तक्रारीत दोन ते चार आठवडे गाईचे दूध बंद करून पाहण्याची मुभा वर उल्लेखलेल्या 2014 च्या मार्गदर्शनातही आहे. हा प्रयोग घरच्या घरी मात्र करू नये, कारण कॅल्शियमची सोय आधी करावी लागते.

पहाटवारा : या चर्चेत चार महिन्यांचे बाळ आणि चार वर्षांचे मूल एकाच मापाने मोजले जात आहे. सहा आठवड्यांनंतर निव्वळ अंगावर पिणारे बाळ कधीकधी आठवडाभरही शी करत नाही. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर ती बद्धकोष्ठता नव्हे. काही बाळे दहा-दहा मिनिटे कुंथतात, रडून लाल होतात आणि शेवटी मऊ शी करतात. तिथे स्नायूंचा मेळ अजून जमलेला नसतो, आहाराचा किंवा औषधाचा प्रश्नच येत नाही. सहा महिन्यांच्या आत वरचे पाणी देऊ नये, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, कारण त्यातून होऊ शकणाऱ्या बोट्युलिझमचे (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराचे) पहिले लक्षण अनेकदा बद्धकोष्ठता हेच असते. नासपती किंवा सुक्या आलूबुखाराच्या रसातले सॉर्बिटॉल (साखरेसारखा एक पदार्थ) मल मऊ करते, पण बाळाला तो रस डॉक्टरांना विचारूनच द्यावा. जन्मानंतर 48 तासांत पहिली शी न होणे, पोट फुगणे, हिरवी उलटी, वजन न वाढणे यांपैकी काही असेल, तर आधी काय द्यावे हा वाद थांबवून तपासणी करावी.

माळरान : 'उंबरठा' यांनी मार्गदर्शनाचा अर्धाच अर्थ घेतला आहे. नेहमीपेक्षा जास्त तंतू देऊ नयेत याचा अर्थ नेहमीइतके मिळतच आहेत असा होत नाही. दूध आणि बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलाला तेही मिळत नाहीत, आणि औषध बंद केल्यावर तक्रार परत येते ती अशाच घरांत.

उंबरठा : तक्रार परत येते ती बहुधा औषध लवकर थांबवल्यामुळे, त्याचे खापर बिस्किटांवर फोडणे सोपे आहे. मूल पाय आवळून, टाचा उंचावून पडद्यामागे उभे राहत असेल, तर ते कुंथत नसून रोखत आहे, आणि त्याच्यासाठी औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा पायांखाली आधार देऊन पाच ते दहा मिनिटे बसवणेही त्याच दिवसापासून. तुमच्या डाळी आणि भाज्यांना माझी हरकत नाही, फक्त त्यांच्या परिणामाची वाट पाहत त्याला आणखी एक महिना दुखू देऊ नका.