मदत हवी आहे: खांडसला रात्री गाडी न्यावी का?

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री दादरहून निघून कर्जत-कशेळेमार्गे पायथ्याचं खांडस गाव गाठायचं आणि पहाटे गणेश घाटाने भीमाशंकर चढायचं, असा बेत आहे. मागे एका गडाच्या वाटेवर रस्त्यात आडवा ओंडका टाकलेला होता. शेजारी दगड रचलेले, मोबाईलला रेंज नाही, गाडी वळवायलाही जागा नाही. रिव्हर्सने मागे आलो तेव्हा कुठे जिवात जीव आला. यंदा सोबत पुतणी आहे, म्हणून काळजी जास्त. कशेळ्याच्या पुढे रात्री रस्ता खुला असतो का? खांडसला गाडी भरवशाने कुठे लावावी? पावसाळी बंदीचा आदेश निघालाय का? (खांडसहून वर जाणारी दुसरी, शिड्यांची अवघड वाट म्हणजे शिडी घाट, ती ओल्यात नकोच.) की रात्रीची शेवटची कर्जत लोकल पकडून स्टेशनवरच उजाडू द्यावं? नुकतं कुणी जाऊन आलं असेल तर कृपया कळवा.