उन्हाळी वाचनाचा गृहपाठ: सारांश नको, तर मग काय मागावं?

बाराखडी_बाई

नमस्कार मंडळी. नववी-दहावीला भाषा शिकवते. सुट्टी लागण्याआधी मुलांना वाचनाचा गृहपाठ द्यायचा, असा शिरस्ता आहे. यंदा तो ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून हा धागा.

आजवर चालत आलेला प्रकार असा. सहा पुस्तकांची यादी, त्यातली तीन वाचायची. प्रत्येकाचा दोन पानी सारांश, लेखक-परिचय, 'आवडलेले पात्र व का' आणि 'पुस्तकातून मिळालेला संदेश'. शाळा उघडली की वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर.

गेल्या खेपेला एकाच कादंबरीबद्दल ओळीनं कितीतरी वह्यांत 'मानवी भावभावनांचे विविधांगी चित्रण' सापडलं. एका वहीत तर पुस्तकात नसलेला शेवट होता. नायक घरी परततो, सगळे गळ्यात गळे घालतात वगैरे. मूळ पुस्तकात तो परततच नाही! एआयने रचलेला तो शेवट पोरानं समास आखून, वळणदार अक्षरात, शीर्षकाखाली दुहेरी रेघ मारून उतरवला होता. लाल पेन हातात धरून मी विचार करत बसले की खूण नेमकी कशावर करू. मेहनत तर दिसतच होती.

तर विचारायचंय ते असं. सगळ्यांना एकच पुस्तक द्यावं की ज्याचं त्याला निवडू द्यावं? तीन हा आकडा कुठून आला कोण जाणे, पण तो ठेवावा का? आणि मुख्य म्हणजे, वाचलं हे कळण्यासाठी मागायचं काय? वरून एक अट आहे, गुण देता येतील असं काहीतरी हवं. 'गृहपाठच देऊ नका' असं सांगणारेही येतील इथे, त्यांचंही ऐकीन. पण गृहपाठ द्यावा लागणार आहे, हे धरून चाला.

---

जाड_भिंगाचा_चष्मा

बाई, तुम्ही सारांश मागितलात, तुम्हाला सारांश मिळाला. पुस्तक न उघडताही तयार होते अशी ती चीज आहे. एआय यायच्या आधी मोठ्या भावाची वही होती, त्याआधी मलपृष्ठावरचा मजकूर होता. शाळेच्या ग्रंथालयात उभी हयात गेली माझी. सुट्टी संपायच्या आठवड्यात मुलं मलपृष्ठ वाचायला यायची आणि पुस्तक तिथेच ठेवून जायची, ते डोळ्यांनी पाहिलंय.

मी आणि आमच्या भाषेच्या बाई पुढे एक वेगळा प्रकार करायचो. पुस्तक सुरू करतानाच मुलानं एक धागा निवडायचा आणि शेवटपर्यंत तेवढ्याचाच माग काढायचा. कोण कुठे खोटं बोलतं. पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो. पत्रं, दारं, पाऊस, काहीही चालेल. जिथे तो धागा दिसेल तिथे समासात पेन्सिलीनं बारीक टिंब. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर कागदाची पट्टी, तिच्यावर पान क्रमांक. बस, सुट्टीतलं लेखन एवढंच.

एका मुलीनं धागा घेतला होता, 'कोण कुणाला नावानं हाक मारत नाही'. ऐकून आम्ही दोघंही जरा साशंक होतो, यातून काय निघणार म्हणून. तिनं शोधून काढलं की त्या कादंबरीतला बाप मुलाला 'अरे', 'ए', 'तू', 'ह्याला सांगा' असंच सगळं करतो, पण नाव घेत नाही. घेतो ते थेट शेवटून दुसऱ्या प्रकरणात, तेही मुलगा तिथे नसताना, तिसऱ्याच माणसाशी बोलताना. तिच्या पट्टीवर त्या पानाच्या आकड्याभोवती तीन वर्तुळं होती. ते पुस्तक मी अनेकदा वाचलेलं, मला ते कधी दिसलं नव्हतं. आता सांगा, हे कुठल्या तयार सारांशात मिळेल?

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात एक तास वर्गातच लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून, पट्ट्या समोर घेऊन. प्रश्न एकच: तुझ्या खुणांपैकी एक पान निवड. ते पान पुस्तकातून फाडलं तर पुढे काय अडेल? ज्यानं वाचलेलं नाही तो पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो, आणि त्याला रागवावंही लागत नाही. गुण द्यायलाही हे सोपं. पान नेमकं निवडलं का, मजकुराचा आधार दिला का, स्वतःचं म्हणणं आहे का. वरच्या मंडळींना तक्ता हवाच असतो, तो यातून होतो.

आता निवडीबद्दल. अमेरिकेत रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी कमी उत्पन्न गटातल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं दिली, मुलांनी स्वतः निवडलेली. २०१० साली निष्कर्ष छापून आले. ज्यांना पुस्तकं मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा या मुलांची वाचनाची पातळी सरस निघाली. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नका. जेम्स किम यांच्या प्रयोगांत नुसती पुस्तकं हातात ठेवून फारसं काही हललं नाही. पुस्तक मुलाच्या पातळीला जुळणारं असलं आणि सुट्टीआधी शिक्षकांनी कसं वाचायचं ते करून दाखवलं, तेव्हा फरक पडला. दोन्हीकडची मुलं प्राथमिकची, तुमची दाढी-मिशा फुटायच्या वयाची. तरी दुसरा मुद्दा मला कुठल्याही इयत्तेला लागू वाटतो. सुट्टीआधी एक तास काढा, पहिलं प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचा आणि तुमचं स्वतःचं टिंब कुठे पडतं ते फळ्यावर दाखवा. यादी वाटून मोकळं होणं म्हणजे पोहायला न शिकवता विहीर दाखवणं.

तीनबद्दल: एक द्या. एक नीट.

---

बॅक_बेंच_कायम

मी आत्ता अकरावीत जातोय, म्हणजे अलीकडचाच भुक्तभोगी. चष्मेवाले काका, मान गए.

बाई, 'संदेश' हा प्रश्न प्लीज काढाच. त्याचं उत्तर पुस्तक हातात यायच्या आधी तयार असतं. कष्टाचे महत्त्व, प्रामाणिकपणा, निसर्गप्रेम, मैत्री. यातलं एक उचलायचं, पुढे 'आपल्या जीवनात अत्यंत महत्त्वाचे आहे' जोडायचं, झालं. माझ्या एका मित्रानं भुताच्या गोष्टींच्या पुस्तकाला निसर्गप्रेम लावलं होतं. जंगल होतं म्हणे त्यात. पूर्ण गुण.

आणि तीन पुस्तकं म्हटली की मुलं काय करतात सांगू? सहाही पुस्तकं उभी करून जाडी बघतात. विषयाचा संबंधच नाही. एकच असेल तर निदान आवडेल ते बघू.

माझी एक मागणी आहे. कंटाळा आला तर तसं लिहायची सोय ठेवा, पण पान नंबरासकट. मी एकदा मनापासून लिहिलं होतं, 'पान ६३ पासून ७४ पर्यंत नुसतं नदीचं वर्णन, मी दोनदा झोपलो, पण ७५ वर तो माणूस त्याच नदीत उतरतो तेव्हा पाणी किती खोल आहे हे मला आधीच माहीत होतं'. बाईंनी 'झोपलो' खाली लाल रेघ मारली आणि शेरा दिला, 'भाषा सुधारा'. बाकीचं वाक्य वाचलं की नाही, माहीत नाही.

अजून एक, जोडीनं वाचू द्या. दोघांनी एकच पुस्तक घेतलं तर 'तू कुठवर आलास' हे विचारणारं कुणीतरी असतं. मला फक्त तेवढ्यानंच पुढे ढकललं जातं.

---

सायली_ची_आई

एक बाजू राहतेय म्हणून लिहिते. माझ्या मुलीला वाचताना अक्षरं उलटीपालटी होतात, रीतसर तपासणी झालेली आहे. दोनशे पानं म्हणजे तिच्यासाठी अख्खी सुट्टी. पण तीच मुलगी गोष्ट ऐकताना मधे प्रश्न विचारून मला भंडावून सोडते. तर बाई, ऐकलेलं पुस्तक चालेल, हे सूचनेतच स्पष्ट लिहा. नाहीतर अशा मुलांना वेगळं येऊन परवानगी मागावी लागते, आणि या वयात ती मागत नाहीत, गप्प बसतात.

'ऐकणं म्हणजे लबाडी' म्हणणाऱ्यांसाठी: बेथ रोगोव्स्की यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात काहींनी एका माहितीपर पुस्तकातला काही भाग वाचला, काहींनी ऐकला, काहींनी दोन्ही एकदम केलं. आकलनात लक्षणीय फरक निघाला नाही. ती मोठी माणसं होती हे खरं. आमच्याकडे आता ती ऐकता ऐकता छापील ओळीवर पट्टी सरकवते, हवं तिथे थांबवते आणि टिंब देते. काकांची पद्धत तिला अगदी जमेल, कारण तिच्यात दोन पानी काही लिहायचं नाहीये.

---

उगाच_एक_शंका

बाईंनी आमच्यासाठी जागा ठेवलीच आहे तर बसतो.

सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात, म्हणून हा सगळा खटाटोप, असं नेहमी सांगतात. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३९ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातून 'साधारण एका महिन्याची घसरण' हा आकडा आला आणि सगळीकडे फिरला. त्यातही गणिताची घसरण वाचनापेक्षा जास्त होती. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी लिहिलं की जुन्या चाचण्यांच्या रचनेतच खोट होती आणि नव्या चाचण्यांत ते चित्र तसंच उमटत नाही. तेव्हा भीती दाखवून वाचायला लावू नका, एवढंच.

फ्रान्सचे दानिएल पेनाक, जे स्वतः शिक्षक होते, त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा, तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. गुण द्यायचे म्हटलं की हे तिन्ही गेले. मोठी माणसं पन्नास पानांत पुस्तक भिरकावतात आणि मुलांनी मात्र शेवटच्या पानापर्यंत जायचं, हे मला पटत नाही.

---

जाड_भिंगाचा_चष्मा

@उगाच_एक_शंका, तिसरा हक्क देता येतो हो. आम्ही द्यायचो. पन्नास पानांनंतर पुस्तक बदलायची मुभा, मात्र सोडलं त्या पानावर एक पट्टी आणि तिच्यावर एक ओळ, इथे का सोडलं. त्या पट्ट्या मी जपून ठेवायचो, पुढच्या वर्षीची पुस्तकं मागवताना कामाला यायच्या. पहिला हक्क मात्र शाळा देऊ शकत नाही, त्याला सुट्टीत त्यांच्या घरी कोण अडवतंय?

---

बाराखडी_बाई

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. @बॅक_बेंच_कायम, ते ६३ ते ७५ चं वाक्य वर्गात नमुना म्हणून फळ्यावर लिहिणार आहे, चालेल ना? नाव घेणार नाही, 'झोपलो' ठेवणार.

सूचनेचा मसुदा असा झालाय:

एक पुस्तक. यादीतलं किंवा यादीबाहेरचं, पण सुट्टीआधी मला दाखवून. शाळेच्या कपाटातून सुट्टीभरासाठी नेता येईल. वाचा, ऐका किंवा दोन्ही करा. एकट्यानं किंवा जोडीनं. सुरुवातीला एक धागा निवडा आणि त्यावर किमान पाच खुणा करा. पन्नास पानांनंतर पुस्तक बदलता येईल, कारण एका ओळीत लिहा. घरी दुसरं काहीही लिहायचं नाही. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात पुस्तक आणि खुणा घेऊन या, वर्गात एक तास लेखन, वीस गुण.

काही राहिलंय का?

---

जाड_भिंगाचा_चष्मा

'किमान पाच' काढा. नाहीतर प्रत्येकाच्या बरोब्बर पाच येतील, आणि पाचही पहिल्या तीस पानांत.

---

बॅक_बेंच_कायम

काका, पहिल्या वीस. 😄

बाई, वाक्य घ्या बिनधास्त.