गल्लीचं एक टोक बंद करून मागायचंय, कुणी केलंय का असं?

स्नेहल_कोथरूड:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात, पौड रोडच्या आतल्या एका गल्लीत राहतो. गल्ली जेमतेम सहा मीटर, दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की मधून एक गाडी कशीबशी जाते. एक टोक मेन रोडला, दुसरं मागच्या रस्त्याला, आणि सिग्नलला रांग लागली की मॅपवाली बाई अख्ख्या पुण्याला आमच्या दारातून पाठवते. सकाळी साडेआठ ते साडेदहा नुसते हॉर्न, त्यात समोरासमोर दोन गाड्या आल्या की "तू मागे घे, तू मागे घे".
तर झालं असं की फेब्रुवारीत ड्रेनेजसाठी मागचं टोक खणलं, आठ दिवसांचं काम पाच आठवडे चाललं, आणि खणलेल्या रस्त्याबद्दल आनंद झालेली आमची पहिलीच सोसायटी असेल. सासऱ्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची गेटबाहेर टाकली आणि तिथे बसून पेपर वाचायला लागले, पोरांनी खडूने पार बिल्डिंगच्या टोकापर्यंत लंगडीची घरं आखली. डांबर पडलं त्या संध्याकाळी हॉर्न परत, खुर्ची परत आत.
आता पाच सोसायट्या मिळून मागचं टोक कायमचं बंद करा म्हणून सह्यांचं पत्र द्यायचं म्हणतोय. कुणाकडे द्यायचं? काहीजण म्हणतात पत्रबित्र सोडा, सरळ गेट लावून टाकू, वॉचमन बसवू.

निवृत्त_ओव्हरसियर:
ताई, गेट अजिबात लावू नका. सार्वजनिक रस्त्यावर गेट म्हणजे अतिक्रमण, एक तक्रार गेली की गॅसकटर घेऊन माणसं येतात आणि मग तुमच्या अर्जाकडे कोणी बघत नाही. आधी हे शोधा की रस्ता पालिकेच्या ताब्यात आहे की लेआउटचा अंतर्गत रस्ता आहे. बरेच लोक वीस वर्षं राहून हे बघत नाहीत. मंजूर लेआउटचा नकाशा काढा.
पालिकेचा असेल तर दोन वाटा आहेत. कायमचा बंद करायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ खाली आयुक्तांना मुख्य सभेची मंजुरी लागते, सभेच्या किमान एक महिना आधी त्याच रस्त्यावर नोटीस लावावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. लांबचं काम आहे ते. दुसरी वाट ट्रॅफिक पोलिसांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली ते वाहनांना मनाई करू शकतात, एक महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात छापायचीसुद्धा गरज नसते. पेपरात "प्रायोगिक तत्त्वावर वाहतुकीत बदल, हरकती व सूचना कळवाव्यात" असं येतं ना, तेच हे. म्हणून "बंद करा" लिहू नका, "एक महिना चारचाकींसाठी बंद करून बघा" लिहा. अर्ज वाहतूक शाखेला, प्रत पथ विभागाला आणि क्षेत्रीय कार्यालयाला, आणि प्रत्येक ठिकाणी आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पलीकडची_गल्ली:
मी बहुतेक तुमच्या शेजारच्याच गल्लीत राहतो. ते पाच आठवडे तुमच्याकडे लंगडी चालू होती तेव्हा तुमच्या गाड्या कुठून जात होत्या ते विचारा. आमच्याकडून! माझ्या आईला कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायला रस्ता ओलांडता येईना, एकदा तर ती अर्ध्यातून परत आली. सह्या फक्त तुमच्या पाच सोसायट्यांच्या घेणार आणि त्रास आमच्या आठांना, हे कुठलं लॉजिक? नोटीस लागली की पहिली हरकत माझी, आत्ताच सांगून ठेवतो.

लंडनची_मावशी:
मी पूर्व लंडनला वॉल्थम फॉरेस्टमध्ये राहते, इथे हे सगळं बघितलंय. इकडे एकच गल्ली सहसा बंद करत नाहीत कारण वरचे भाऊ म्हणतायत तेच होतं, पाणी जसं उतार शोधतं तशी गाडी पुढची गल्ली शोधते. मग पाच-सहा गल्ल्यांचा एक गठ्ठा घेतात आणि टोकं अशी अडवतात की प्रत्येकाला स्वतःच्या घरापर्यंत गाडी नेता येते पण आरपार जाता येत नाही. अडवतात कशाने, तर लाकडी कुंड्यांनी, नाहीतर नुसत्या कॅमेऱ्याने, आरपार गेलात की दंड. तेही आधी प्रायोगिक आदेशावर, जास्तीत जास्त अठरा महिने, पहिल्या सहा महिन्यांत लोकांनी हरकती द्यायच्या.
आणि भांडणं इथेही तेवढीच हं! २०१५ साली आमच्याकडे लोक चक्क शवपेटी खांद्यावर घेऊन मोर्चाला आले होते, दुकानं मरणार म्हणून. त्याच दुकानांच्या ऑरफर्ड रोडवर आता शनिवारी बसायला खुर्ची मिळत नाही.

चाकाची_खुर्ची:
माझं एक ऐका. टोकाला खांब रोवणार असाल तर दोन खांबांत १.२ मीटर जागा सोडा, नाहीतर माझी व्हीलचेअर अडकते आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंची ढकलगाडीपण. आणि हो, तेवढ्या फटीतून स्कूटर आरामात जाते. पुण्यात कुठल्याही फुटपाथवर बघा. त्यामुळे चारचाकी थांबतील, टू-व्हीलरचं काही खरं नाही. खरा त्रास बाइकवाल्यांचा असेल तर टोक बंद करून उपयोग नाही, नीट उंचवटा, म्हणजे स्पीडब्रेकर, मागा. नीट म्हणजे आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) मापाचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, त्यावर पंचवीसच्या स्पीडने जाता येतं. ती रबरी पट्टी नको, माझी पाठ जाते आणि बाइकवाला कडेच्या फटीतून निघून जातो.

निवृत्त_ओव्हरसियर:
हे बरोबर. आणि अग्निशमनची गाडी विसरू नका. आत गेलेला बंब वळणार कुठे? कचऱ्याच्या गाडीचंही तेच. म्हणून टोकाला भिंत नको, काढता येणारे खांब हवेत, किल्ली फायर स्टेशनकडे. नाहीतर त्यांचाच शेरा नकारात्मक येईल आणि फाइल तिथेच बसेल.

स्नेहल_कोथरूड:
बाप रे, एवढं सगळं असेल वाटलं नव्हतं. पलीकडच्या गल्लीवाले दादा, खरं सांगते, तुमच्याकडे काय झालं हे आम्ही बघितलंच नाही, आम्ही खुर्ची टाकून बसलो होतो. काकूंचं वाचून वाईट वाटलं.
आज मीटिंगमध्ये बोलले, निम्मे लोक "आपलं आधी होऊ दे, त्यांचं ते बघतील" म्हणाले, त्यात आमचे हेपण. पण तुमची हरकत येणारच असेल तर आधीच एकत्र बसलेलं बरं. मंगळवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा मी आमच्या मागच्या टोकाला वही घेऊन उभी राहणार, चारचाकी वेगळ्या, टू-व्हीलर वेगळ्या, आणि आमच्याच गल्लीतल्या किती तेही. तुमच्या टोकाला कोणी उभं राहील का? दोन्ही गल्ल्यांचे आकडे असले तर अर्ज दोन्ही गल्ल्यांचा करू.

पलीकडची_गल्ली:
मंगळवार नको, आमच्याकडे टँकर असतो त्या दिवशी, सगळी मोजणी चुकेल. बुधवारी उभा राहतो. पण अर्ज आधी मला वाचायला द्यायचा, सह्या नंतर.