जनता घड्याळाचा खडा उडाला, शोधू कसा?

काटा_अडकला:
काल रात्री बाबांची एचएमटी जनता उघडली होती. चावीची, १७ ज्वेलची, म्हणजे आत माणकाचे १७ बारीक खडे. बॅलन्सवरच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकावरच्या) पॅराशॉकची, म्हणजे धक्क्यापासून वाचवणाऱ्या भागाची स्प्रिंग सोडवत होतो. चिमट्यातून ‘टिक्’ असा आवाज आला आणि स्प्रिंग गेली. जुन्या तेलाने तिला चिकटलेला माणकाचा खडाही तिच्यासोबत गेला.

माझी कार्यशाळा म्हणजे बंद करून घेतलेली बाल्कनी. खाली मोझॅकची फरशी, काळ्या-पांढऱ्या-लाल ठिपक्यांची. खडा राईच्या दाण्याएवढा आणि फिका गुलाबी. दोन तास रांगलो. हाती लागलं ते असं: पट्ट्याच्या दोन पिना, शर्टाचं बटण आणि ज्याच्यासाठी मागच्या दिवाळीत अख्खं घर उलथंपालथं केलं होतं तो चष्म्याचा स्क्रू.

आता शोधू कसा? आणि पुढच्या वेळी उडूच नये म्हणून तुम्ही काय करता? मावशी उद्या सकाळी नऊला झाडायला येतात, तेवढीच मुदत आहे.

डोळ्याला_भिंग:
आधी चपला काढा आणि तळ बघा. थट्टा नाही. रबरी चपलेच्या नक्षीत माझे तीन स्क्रू निघालेत. मग शर्टाचा खिसा, बाहीची घडी, मांडी. वस्तू उडाली की पहिल्यांदा अंगावरच पडते आणि आपण दचकून उभे राहतो, तेव्हा ती खाली जाते. म्हणून उडाल्यावर हलायचं नाही, कान द्यायचा. फरशीवर पडली तर बारीक आवाज येतो, कपड्यावर पडली तर येत नाही. तुमच्या बाबतीत ‘टिक्’नंतर दुसरा आवाज आला होता का?

काटा_अडकला:
‘टिक्’नंतर फक्त माझाच आवाज आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

ठाणेकर_खटपट्या:
दिवे घालवा, टॉर्च फरशीवर आडवा ठेवा आणि हळूहळू फिरवा. उजेड वरून पडला तर मोझॅकमध्ये काही दिसत नाही, आडवा पडला की प्रत्येक कणाची लांब सावली पडते. व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला बायकोचा जुना पायमोजा रबरबँडने बांधा. कचरा मोज्यावर अडकतो. दर हातभर जागेनंतर पांढऱ्या कागदावर झटकून बघा.

जुनं_ते_सोनं:
जुन्या स्पीकरचं चुंबक पिशवीत घालून फिरवा. पिशवी उलटी केली की सगळं गळून पडतं.

डोळ्याला_भिंग:
अहो, चुंबक पोलादी स्क्रूला ठीक आहे. माणकाला काय करणार? पितळी चाकालाही नाही. आणि ते चुंबक टेबलाकडे आणू नका. हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. मग खडा सापडूनही रडायची वेळ.

काटाराव, खऱ्या उपायाकडे येतो. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो ना, शे-दोनशे रुपयांचा, तो आणा. घड्याळातली माणकं कृत्रिम असली तरी त्यांत क्रोमियम असतं. त्या उजेडात ती निखाऱ्यासारखी लाल पेटतात. पूर्ण अंधार हवा. धुतलेल्या कपड्यांचे धागे निळसर पांढरे चमकतील, तिकडे दुर्लक्ष करा. लाल दिसलं की थांबा. स्प्रिंग मात्र अशी दिसणार नाही.

आंब्याची_अढी:
आम्ही रत्नागिरीकडे याच टॉर्चने पावसाळ्यात अंगणातले विंचू बघतो. ते हिरवे चमकतात. रंग नीट बघून हात घाला म्हणजे झालं.

सायकलवाली_ताई:
माझा अनुभव सायकलचा, पण दुखणं तेच. मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडलं की एकेका बाजूला पाव इंची नऊ छर्रे, पुढच्याला ३/१६ इंची दहा. मी ताटात जुना पंचा अंथरून त्यावरच चाक उघडते, म्हणजे छर्रे टप्पे खात पळत नाहीत. बसवताना आधी हबच्या कपात (छर्र्यांच्या खोबणीत) ग्रीस, मग छर्रे, ते चिकटून बसतात. आणि एक हरवला तर एकच नवा घालायचा नाही, त्या बाजूचे सगळे बदलायचे. झिजलेल्यांत नवा जाडा पडतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो.

घड्याळासाठी हे करता येईल का बघा: टेबलाच्या कडेला पांढरा कपडा पिनांनी लावायचा आणि दुसरं टोक गळ्यात बांधायचं. मांडीवर झोळी होते. माझ्या मामांचं सोनारकामाचं दुकान होतं, ते तर दुकानातला केरही टाकत नसत, केरातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी येऊन घेऊन जायचा.

ठाणेकर_खटपट्या:
झोळीला +१. आणि स्प्रिंगवाला भाग सोडवताना मोठी पारदर्शक पिशवी घ्या, दोन्ही हात आणि घड्याळ आत. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं होतं, नंतर सवय होते. दुसऱ्या हाताने लाकडी काडीचं टोक स्प्रिंगवर टेकवून ठेवायचं, मग ती सुटली तरी जात नाही. सुट्या भागांना मसाल्याचा डबा उत्तम, ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने वाट्यांत. फक्त तो स्वयंपाकघरातला चालू डबा नसावा, एवढं बघा.

काटा_अडकला:
ताजी खबर. रात्री साडेअकराला दिवे घालवून जांभळा टॉर्च फिरवला. खिडकीच्या चौकटीच्या खाचेत लाल ठिणगी! उठलो नाही, तसाच सरपटत गेलो. खडा शाबूत. स्प्रिंग नाही मिळाली. रविवारी जुन्या बाजारात जाऊन जनताचं बंद पडलेलं एखादं मशीन बघतो, त्यातली काढून घेईन. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, त्यामुळे सुटे भाग म्हणजे असंच एकाचं काढून दुसऱ्याला. मावशींना बाल्कनीचा केर पुडीत बांधून ठेवायला सांगितलंय. “आता केरपण जपायचा का दादा?” म्हणाल्या.

पण एक भानगड झालीय. टेबलाच्या पायामागे दुसरी लाल ठिणगी दिसली. तीही माणिकच, आकाराने थोडी मोठी. जनतात बाकी सगळे खडे जागच्या जागी आहेत, दोनदा मोजले. या टेबलावर याआधी उघडलेलं घड्याळ एकच, साडूचं. गेल्या मे महिन्यात “नीट झालं” म्हणून परत दिलंय.

ते अजून चालतंय का, हे त्याला कसं विचारू, यावरही सल्ला चालेल.